लोकल सॉकेटच्या दाराशी कोण आलंय? चाळीस वर्षांची पार्श्वभूमी

युनिक्सवर एखाद्या सर्व्हरचं लोकल सॉकेट, म्हणजे त्याच मशीनवरच्या प्रोसेसना (चालू प्रोग्रामना) त्याच्याशी बोलायचं दार, 'एलएस' या फाइलयादीच्या कमांडने पाहिलं की ओळीच्या सुरुवातीला 'एस' दिसतो आणि पुढे फाइलला असतात तशाच परवानग्या. मालक आहे, ग्रुप आहे, सगळं ओळखीचं. त्यामुळे सहज वाटतं, की परवानगी ०६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला) केली की मालकाशिवाय कुणाला जोडणी करता येणार नाही. आज लिनक्सवर हे खरं आहे (रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर सोडून, अर्थात). पण सुरुवातीची कित्येक वर्षं बऱ्याच युनिक्सवर ही अक्षरं नुसती दिसायची. जोडणी करताना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्यांच्याकडे पाहतच नव्हता.

सॉकेट आले १९८३ साली, बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर. त्याआधी दोन प्रोसेसना बोलायचं तर पाइप होता, पण तो एकाच पूर्वजाच्या प्रोसेसमध्ये चालायचा. नाव असलेला पाइप, म्हणजे फिफो, नातं नसलेल्या प्रोसेसलाही उघडता यायचा आणि उघडताना परवानगीही तपासली जायची. अडचण वेगळीच होती. सगळे क्लायंट एकाच नळीत लिहिणार, मग आलेले बाइट कुणाचे हे सर्व्हरला कळणार कसं? सॉकेटने प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र जोडणी दिली. बर्कलीचं मुख्य काम डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या पैशावर चाललेलं, टीसीपी-आयपीचं, म्हणजे नेटवर्कवरच्या संवादाचं होतं. त्याच इंटरफेसमध्ये एकाच मशीनवरच्या संवादासाठी एक वेगळं कुटुंब बसवलं आणि पत्ता म्हणून आयपी क्रमांकाऐवजी फाइलचा पाथ घेतला.

सगळा घोळ इथेच आहे. 'बाइंड' केलं, म्हणजे सॉकेटला पत्ता दिला, की डिरेक्टरीत सॉकेटची नोंद तयार होते, पण ती 'ओपन'ने उघडत नाही. तिथे 'कनेक्ट' लागतं. फाइलची परवानगी तपासायची नेहमीची जागा 'ओपन' आणि सॉकेट त्या वाटेने जातच नाही. ४.४ बीएसडीच्या 'कनेक्ट'मध्ये लिहिण्याची परवानगी तपासली जाते, लिनक्समध्येही तसंच. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने मात्र सॉकेटच्या परवानगीचा अर्थ काय, हे ठरवूनच दिलं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दस्तऐवजात आजही इशारा आहे, की काही सिस्टीम, विशेषतः सोलारिस १०, सॉकेटची परवानगी पूर्णपणे दुर्लक्षित करतात.

मग जुने लोक काय करायचे? डिरेक्टरीला कुलूप. पाथमधल्या प्रत्येक डिरेक्टरीतून पुढे जायची परवानगी तपासणं कुठल्याच युनिक्सला चुकलेलं नाही. लॉगिनच्या गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या एसएसएच-एजंटने वर्षानुवर्षं हेच केलं: टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या जागेत ०७०० ची (फक्त मालकाला उघडी) एक डिरेक्टरी, नावात शेवटी अंदाज न बांधता येणारी दहा अक्षरं, आणि तिच्या आत सॉकेट. ही युक्ती कुणाला ओबडधोबड वाटेल, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यात भरवशाची गोष्ट आहे. तिचा आणखी एक फायदा आहे. 'बाइंड' आणि त्यानंतरचं, परवानगी बदलणारं 'सीएचमॉड' यांच्यामध्ये जो क्षण असतो, त्यात सॉकेट यूमास्कच्या, म्हणजे नव्या फाइलची परवानगी ठरवणाऱ्या सेटिंगच्या, भरवशावर उघडं असतं. तेवढ्यात कुणी जोडणी केली, तर नंतर परवानगी बदलून ती तुटत नाही. बाहेरची डिरेक्टरी आधीच बंद असेल तर हा क्षण उरतच नाही.

पण कुलूप लावून अर्धंच काम होतं. डेटाबेससारख्या सर्व्हरला सगळ्यांसाठी दार उघडं ठेवावं लागतं आणि आत आलेला कोण हे विचारावं लागतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बीएसडीवर यासाठी एक उपाय शिकवला जायचा. क्लायंटने जोडणीआधी स्वतःचं सॉकेटही एका पाथवर बाइंड करायचं आणि त्याची परवानगी फक्त मालकापुरती ठेवायची. सर्व्हर जोडणी स्वीकारणाऱ्या 'ॲक्सेप्ट'मधून तो पाथ घ्यायचा, त्यावर फाइलची माहिती देणारं 'स्टॅट' चालवायचा, ते खरंच सॉकेट आहे ना, परवानगी ०७०० आहे ना, ते ३० सेकंदांपेक्षा जुनं तर नाही ना, हे पाहायचा. सगळं जुळलं तर फाइलचा मालक तोच क्लायंट, असं धरायचा. म्हणजे ओळखपत्र क्लायंटनेच आणायचं, सर्व्हरने फक्त त्यावरचा शिक्का पाहायचा. सिस्टीम ५ या दुसऱ्या युनिक्स घराण्याच्या स्ट्रीम्स यंत्रणेत याहून बरी सोय होती: डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) पाठवला की पाठवणाऱ्याचा यूजर आयडी आणि ग्रुप आयडी कर्नलच सोबत द्यायचा.

हीच कल्पना पुढे सॉकेटमध्येही आली, पण प्रत्येक घराण्यात वेगळ्या नावाने. लिनक्सने २.२ मालिकेपर्यंत 'एसओ_पीअरक्रेड' आणलं. 'गेटसॉकऑप्ट' या एका कॉलमध्ये समोरच्याचा प्रोसेस आयडी, यूजर आयडी आणि ग्रुप आयडी मिळतो आणि तो कर्नलने भरलेला असल्यामुळे क्लायंटला खोटा देता येत नाही. ओपनबीएसडी ३.० आणि फ्रीबीएसडी ४.६ मध्ये 'गेटपीअरईआयडी' आलं, सोलारिस १० मध्ये 'गेटपीअरयूक्रेड'. पोस्टग्रेसने २०११ च्या ९.१ आवृत्तीत या पद्धतीला 'पीअर' हे स्वतंत्र नाव दिलं. त्याआधी ती 'आयडेंट' या नावाखाली चालायची आणि नेटवर्कवरच्या, भरवसा न ठेवण्याजोग्या आयडेंट प्रोटोकॉलशी तिची गल्लत व्हायची. त्याच आवृत्तीत उलट दिशेचा पहाराही आला, 'रिक्वायरपीअर': सर्व्हर खरंच अपेक्षित यूजरचा आहे का, हे क्लायंटने तपासायचं. हे फार कमी लोक वापरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. टीएमपीसारख्या सगळ्यांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत, सर्व्हर बंद असताना, त्याच नावाचं सॉकेट कुणीही मांडून बसू शकतं.

कर्नलने खरी ओळख दिली तरी ती पुढे नीट हाताळावी लागते. २०१९ मधली, लिनक्सवर 'स्नॅप' पॅकेज बसवणाऱ्या स्नॅपडी या सर्व्हरची त्रुटी, 'डर्टी सॉक', जवळून पाहण्यासारखी आहे. स्नॅपडीचं सॉकेट सगळ्यांना खुलं, आणि मोजक्या विनंत्या फक्त रूटसाठी. समोरच्याचा यूजर आयडी कर्नलकडून बरोबर घेतला जायचा. पण तो एका मजकुराच्या ओळीत घालून पुढे दिला जायचा, साधारण अशी: 'पीआयडी=५१२७;यूआयडी=१०००;सॉकेट=…;' आणि त्याला शेवटी क्लायंटच्या सॉकेटचा पाथ जोडलेला. पुढचा कोड अर्धविरामावर तुकडे करून यूआयडी शोधायचा आणि दोन सापडले तर शेवटचा धरायचा. हल्लेखोराने आपलं सॉकेट '/टीएमपी/सॉक;यूआयडी=०;' अशा पाथवर बाइंड केलं (० हा रूटचा यूजर आयडी), आणि झाला रूट. नव्वदच्या दशकात जो क्लायंटचा पाथ ओळखपत्र म्हणून चालायचा, तोच पंचवीसेक वर्षांनी खोटं ओळखपत्र झाला. २.३७.१ आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली.

कंटेनर, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय, आल्यावर प्रश्न आणखी अवघड झाला. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरने २०१३ मध्ये, ०.५.२ आवृत्तीत, १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचा पत्ता) वरचं टीसीपी पोर्ट सोडून लोकल सॉकेट घेतलं, कारण ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं पान त्या पोर्टवर विनंत्या धाडू शकत होतं. पाथवर असलेल्या सॉकेटपर्यंत वेबपान पोहोचत नाही, तेव्हा निर्णय योग्यच होता. मात्र ज्याला त्या सॉकेटवर लिहिता येतं तो रूटच्या बरोबरीचा, हे 'डॉकर' ग्रुपमध्ये माणसं जोडताना सर्रास विसरलं जातं.

लिनक्सने २.२ च्या काळातच ॲब्स्ट्रॅक्ट सॉकेटही आणली होती. नावाचा पहिला बाइट शून्य. डिस्कवर फाइल नाही, पुसायची कटकट नाही. पण फाइल नाही म्हणजे परवानगी नाही आणि डिरेक्टरीचं कुलूपही नाही. ही नावं नेटवर्क नेमस्पेसला, म्हणजे कर्नलने आखलेल्या नेटवर्कच्या कप्प्याला, बांधलेली असतात. कंटेनरडी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या शिमने, म्हणजे कंटेनरवर लक्ष ठेवणाऱ्या छोट्या प्रोसेसने, अशीच सॉकेट वापरली आणि समोरचा यूजर आयडी ० आहे एवढंच तपासलं. होस्टचंच नेटवर्क वापरणारा, यूजर नेमस्पेस वेगळी नसलेला (म्हणजे यूजर आयडी होस्टशी सामाईक असलेला) कंटेनर आतून रूट असेल तर त्याचाही आयडी ०. तो सरळ शिमशी बोलू शकत होता. नोव्हेंबर २०२० मध्ये हे जाहीर झालं आणि १.३.९ व १.४.३ मध्ये सॉकेट पुन्हा फाइलच्या पाथवर नेली गेली.

प्रोसेस आयडीची कथा वेगळी. 'एसओ_पीअरक्रेड' जी ओळख सांगतं ती 'कनेक्ट'च्या क्षणाची. नंतर ती प्रोसेस मेली आणि तोच क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळाला, तर क्रमांक पाहून निर्णय घेणारा सर्व्हर भलत्याचीच चौकशी करतो. पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेत अशा शर्यतीच्या त्रुटी एकापेक्षा जास्त वेळा निघाल्या. २०२३ च्या लिनक्स ६.५ मध्ये 'एसओ_पीअरपीआयडीएफडी' आलं: क्रमांकाऐवजी त्या प्रोसेसला घट्ट बांधलेला डिस्क्रिप्टरच हातात येतो. हे फक्त लिनक्सपुरतं आहे.

ऑक्टोबर २०२५ च्या ओपनएसएसएच १०.१ मध्ये एजंटचं सॉकेट टीएमपीमधून उठून यूजरच्या होम डिरेक्टरीतल्या '.एसएसएच/एजंट'मध्ये गेलं. कारण असं, की सँडबॉक्समध्ये, म्हणजे मर्यादित कुंपणात, चालणाऱ्या पुष्कळ प्रोग्रामना टीएमपी मोकळी सोडलेली असते. ते त्याच यूजरचे असल्यामुळे ०७०० ची डिरेक्टरी त्यांना अडवत नव्हती आणि यूजर आयडीची तपासणीही अडवू शकली नसती.