युनायटेड पंधरावा आला, पण कीड २००५ ची आहे

मे २०२५ मधली युरोपा लीगची (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या नंबरची स्पर्धा) फायनल, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध टॉटनहॅम, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. सांगलीत विश्रामबागच्या खोलीत आम्ही सहा जण, भडंगाची पुडी मधी फोडलेली, आणि अर्ध्या तासात सगळ्यांना कळलं होतं की हे काय आज होत नाही. ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सननं गोल ढकलला (ढकलला तरी कसला, ल्यूक शॉला लागून आत गेला), तिथनं पुढं युनायटेड नुसता धडका मारत बसला, १-० नं संपलं. आणि हरवलं कुणी तर टॉटनहॅमनं, जे स्वतः इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १७ वे आले. युनायटेड १५ वा, म्हणजे १५ वा विरुद्ध १७ वा अशी युरोपातली फायनल, यापेक्षा वाईट चेष्टा नाही.

मामाचा पोरगा लहानपणापासून युनायटेडवाला. त्याची तासगावकडं द्राक्षबाग आहे, दोन म्हशी आहेत. जाताना तो एवढंच म्हणाला, "दादा, ह्यो आमोरिम चुकीचा आणलाय." त्याला तेव्हा काय बोललो नाही, पण तेव्हाच्या कोचला, आमोरिमला, घेऊन बसण्यात अर्थ नाही, त्याच्या आधीची वीस वर्षं बघावी लागतात, म्हणून हे लिहितोय.

आधी २०२४-२५ च्या सीझनचे आकडे घ्या. ३८ मॅचमध्ये ४२ पॉइंट, ११ जिंकल्या, १८ हरल्या, गोल केले ४४ आणि खाल्ले ५४. प्रीमियर लीग १९९२ ला सुरू झाली तेव्हापासून हा क्लब इतका खाली कधीच नव्हता. यापेक्षा वाईट बघायचं तर १९७३-७४ ला जावं लागतं, त्या साली तर खालच्या डिव्हिजनलाच गेले होते.

आता २००५. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं क्लब विकत घेतला, साधारण ७९ कोटी पौंडांना. पण पैसे खिशातले थोडेच, मोठा भाग कर्जाचा, आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर समजा एक चालू साखर कारखाना आहे, एक रुपयाचं देणं नाही, गाळप जोरात. कुणीतरी येतो, त्याच कारखान्यावर कर्ज काढून तोच कारखाना विकत घेतो आणि पुढं व्याज भरायचं कुणी, तर कारखान्यानं, म्हणजे ऊसवाल्याच्या बिलातनं. हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. व्याज, परतफेड, डिव्हिडंड सगळं धरून तेव्हापासून एक अब्ज पौंडांच्या वर पैसा क्लबच्या बाहेर गेलाय. मँचेस्टरमधल्या काही लोकांना हे त्याच साली कळलं, त्यांनी रागानं एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा वेगळाच क्लब काढला. बाकीच्यांना कळलं नाही, कारण वस्ताद तालमीतच होता.

वस्ताद म्हणजे कोच फर्ग्युसन. १९८६ ला आला, पहिली लीग जिंकायला त्याला १९९३ उजाडलं (क्लबला तर २६ वर्षांनी मिळाली), आणि जाईपर्यंत १३ वेळा जिंकला. यातली मजा अशी की कर्ज झाल्यानंतरच्या आठ वर्षांतपण त्यानं पाच लीग काढल्या, २००८ ला युरोपातली सगळ्यात मोठी चॅम्पियन्स लीगपण. २००९ ला रोनाल्डो ८ कोटी पौंडांना रिअल माद्रिदला गेला आणि त्याच्या जागी आले कोण, तर विगनचा व्हॅलेन्सिया आणि फुकटात मिळालेला ओवेन. तिकडं शेजारी मँचेस्टर सिटीला २००८ पासून अबुधाबीचा पैसा लागलेला. तरीपण म्हातारा जिंकत राहिला, त्यामुळं सगळ्यांना वाटलं घर शाबूत आहे. माझं तर म्हणणं आहे मालकांचं सगळ्यात मोठं नशीब म्हणजे फर्ग्युसन, त्यानं त्यांची पापं आठ वर्षं झाकली.

२०१३ ची लीग ११ पॉइंटांनी जिंकली, व्हॅन पर्सीनं २६ गोल मारले, आणि वस्ताद निवृत्त. टीमकडं बघा तेव्हाची, गिग्ज ३९ चा, स्कोल्स थांबलेला, फर्डिनांड, व्हिडिच, एव्हरा सगळे उतरणीला. त्यात ज्यानं इतकी वर्षं खरेदी-विक्री सांभाळली तो डेव्हिड गिलपण त्याच उन्हाळ्यात बाजूला झाला. वस्तादपण गेला आणि दिवाणजीपण गेला, एकाच उन्हाळ्यात. नवा कोच मोयेस आला, सहा वर्षांचं काँट्रॅक्ट, सगळ्या उन्हाळ्यात मोठी खरेदी म्हणाल तर शेवटच्या दिवशी आणलेला फेलायनी. दहा महिन्यांत घरी.

इथनं पुढं जे झालं ते द्राक्षवाल्याला पटकन कळतंय. बागेला चांगला माल धरायला दोन-तीन वर्षं जातात. एक सल्लागार म्हणतो थॉमसन लाव. वेल मांडवावर चढतोय तोवर दुसरा येतो, म्हणतो काढ, सोनाका लाव. तिसरा म्हणतो मांडवच चुकलाय, वाय पद्धत कर. कर्ज तेवढं वाढतं. व्हॅन गाल आला, त्याच्यासाठी डी मारिया जवळजवळ ६ कोटी पौंडांना आणला, वर्षात विकला. व्हॅन गालनं २०१६ ला एफए कप जिंकून दिला आणि दोन दिवसांत त्याला काढला. मोरिन्यो आला, पोग्बा ८.९ कोटीला, जो याच क्लबातनं २०१२ ला गेलेला आणि २०२२ ला परत फुकटच गेला. मोरिन्योनं २०१८ ला दुसरा नंबर आणला, पण सिटी १९ पॉइंटांनी पुढं. मग सोल्शेर, मॅग्वायर ८ कोटीला, रोनाल्डोची घरवापसी. मग थोड्या दिवसांसाठी रांगनिक, त्यानं जाताना स्पष्टच सांगितलं की वरवरच्या मलमपट्टीनं भागणार नाही, ओपन हार्ट सर्जरी लागणार. कुणी ऐकलं? मग टेन हाग आला आणि बाग परत उपटली, यावेळी त्याच्या जुन्या क्लबची, आयाक्सची रोपं, एका अँटनीलाच ८ कोटी पौंडांच्या वर.

प्रत्येकाला वेगळं फुटबॉल खेळायचं होतं आणि आधीच्याची पोरं पगारासकट ड्रेसिंग रूममध्ये तशीच. हा खरा रोग आहे.

२०२४ चा कारभार तर कळस. फेब्रुवारी २०२४ ला ब्रिटिश उद्योगपती रॅटक्लिफनं २७.७ टक्के हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हातात घेतला. टेन हाग लीगमध्ये आठवा आला होता, पण फायनलला सिटीला हरवून एफए कप जिंकला, म्हणून जुलैत त्याचं काँट्रॅक्ट वाढवलं आणि २८ ऑक्टोबरला काढला. स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणलेला अ‍ॅशवर्थ पाच महिन्यांत गेला. शेकडो कर्मचारी कमी केले, तिकीट ६६ पौंड केलं, तेपण सीझनच्या मधीच. आणि मे २०२४ ला आर्सेनलच्या मॅचला पावसात घरच्या मैदानाच्या, ओल्ड ट्रॅफर्डच्या पत्र्यावरनं धबधबा कोसळत होता ते तर तुम्ही रीलमध्ये बघितलंच असेल.

मग नोव्हेंबरात, सीझन चालू असताना, आमोरिम. त्याला तीन डिफेंडर आणि दोन्ही कडेला पळणारे विंगबॅक पाहिजेत आणि हाताखाली टीम चार डिफेंडरची. म्हणजे मांडवाची बाग आणि बांधणी वायची. लीगच्या २७ मॅचमध्ये २७ पॉइंट. मॅच सोडवणारा स्ट्रायकर नाही, हॉयलंडचे लीगमध्ये ४ गोल, झर्कझीचे ३, कॅप्टन ब्रुनो नसता तर अजून खाली गेलो असतो. जानेवारीत ब्रायटनकडनं घरात हरल्यावर आमोरिम स्वतःच म्हणाला की बहुतेक क्लबच्या इतिहासातली ही सगळ्यात वाईट टीम असंल. माणूस खोटं बोलत नाही हे एक बरंय.

आणि जो मॅकटॉमिने २०२४ च्या उन्हाळ्यात हिशेब जुळवायला विकला, घरचाच पोरगा, त्यानं नापोलीला जाऊन लीग जिंकली आणि इटलीतला सीझनचा बेस्ट प्लेयर ठरला. तिकडं अँटनीपण स्पेनच्या बेटिसला उधारीवर गेल्यावर अचानक खेळायला लागला. झाडात दोष नव्हता म्हणायचा.

फायनल हरल्यामुळं २०२५-२६ च्या सीझनला युरोपातली स्पर्धाच नाही. हे सगळं पुढच्या आठवड्यात मामाच्या पोराला सांगत होतो, त्यानं निम्मं ऐकलं, बाकी वेळ फोनवर बेदाण्याचा दर बघत होता. मग म्हणाला, "म्हंजी आता रात्री साडेबाराला उठायचं नाही का? बरं झालं, पाचला धारा काढायच्या असतात."