कमवा, पण साठवू नका: अमेरिकेतल्या दिव्यांग तरुणांच्या भत्त्यामागचा इतिहास

अमेरिकेत बेताच्या परिस्थितीतल्या दिव्यांगांना केंद्र सरकार दरमहा भत्ता देतं. योजनेचं नाव सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम, बोलण्यात एसएसआय. ऑक्टोबर १९७२ मध्ये निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि जानेवारी १९७४ पासून पैसे मिळू लागले. दिव्यांग मुलंही पहिल्यापासून यात होती.

काम करणाऱ्याचा भत्ता एका झटक्यात बंद होऊ नये, याची सोय मूळ कायद्यातच होती. समजा, २०२५ मध्ये एखाद्या तरुणाला महिन्याला ८८५ डॉलर पगार आहे. त्यातले आधी २० आणि मग ६५ सोडून द्यायचे. उरलेल्या ८०० चे निम्मे, म्हणजे ४०० डॉलर, ९६७ च्या पूर्ण भत्त्यातून कापले जातात. हातात १,४५२ येतात, म्हणजे काम केलेलं परवडतं. फक्त २० आणि ६५ हे आकडे १९७४ पासून तसेच आहेत. महागाई जणू त्यांच्या गावीच नाही.

आईबापांना खरी धास्ती असायची ती मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची. भत्ता गेला तर एक वेळ भागेल, पण औषधं, थेरपी, घरी येणारी मदतनीस यांचं काय? त्यावर १९८० मध्ये प्रायोगिक तरतूद झाली आणि १९८६ च्या कायद्याने ती कायम केली: पगारामुळे भत्ता शून्यावर आला तरी ठरावीक उत्पन्नापर्यंत मेडिकेड चालू राहतं. बावीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना आणखी सवलत आहे. २०२५ मध्ये त्यांची महिन्याला २,३५० आणि वर्षाला ९,४६० डॉलरपर्यंतची कमाई हिशेबातच धरली जात नव्हती. उलट १९९६ च्या सुधारणांनी अठरा पूर्ण होताच प्रौढांच्या निकषांवर नव्याने तपासणी आणली, आणि अनेकांचा भत्ता ऐन उमेदीच्या वयात थांबला.

एवढं सगळं कमाईचं झालं. बचतीचं मात्र कोणी नाव काढत नव्हतं. भत्ता मिळण्यासाठी जवळ किती मालमत्ता चालते, याची मर्यादा १९७४ मध्ये १,५०० डॉलर होती, १९८९ मध्ये २,००० झाली आणि तिथेच अडकली. राहतं घर आणि एक गाडी वगळली जाते. बँकेतली शिल्लक नाही. भारतातल्या आजीने नातवाच्या नावावर ठेवलेली मुदत ठेवही, ती मोडता येत असेल तर, मोजली जाते. नोकरी कर म्हणायचं आणि पगार शिल्लक टाकला की भत्ता थांबवायचा, असा हा उफराटा कारभार.

यातून वाट काढली ती पालकांनी. व्हर्जिनियातले स्टीफन बेक यांनी इतर काही पालकांबरोबर दिव्यांगांसाठी करमुक्त बचत खात्याची कल्पना मांडली आणि अनेक वर्षं पाठपुरावा केला. डिसेंबर २०१४ मध्ये ओबामांची सही झाली, पण बेक त्याच्या काही दिवस आधीच वारले होते. कायद्याला त्यांचं नाव आहे. खात्याला सगळे 'एबल' म्हणतात. त्यातले पहिले एक लाख डॉलर एसएसआयच्या मर्यादेत धरत नाहीत. खर्च आवरण्यासाठी संसदेने मात्र एक अट घुसवली: दिव्यांगत्व सव्विसाव्या वर्षाआधी आलेलं हवं. सत्ताविसाव्या वर्षी अपघातात पाय गमावणारा बाहेरच. जानेवारी २०२६ पासून ती अट सेहेचाळीसवर गेली. खातेदाराच्या मृत्यूनंतर शिल्लक रकमेवर राज्याचं मेडिकेड दावा सांगू शकतं, हे पालकांना आजही खुपतं.

मूळ २,००० ची मर्यादा दहा हजारांवर नेणारं विधेयक दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून संसदेत एकापेक्षा जास्त वेळा मांडलं, पण मंजुरीपर्यंत पोचलं नाही.