उन्हाळी शिबिराचा आरोग्य फॉर्म: कोल्हापूरच्या पालकांनी कोणते कागद, कुठून आणि कधी जमवायचे

शिबिरात मूल पाठवायचं म्हणून सरकारकडून मिळतो असा एकच ‘आरोग्य दाखला’ नाही. सेतू केंद्रात किंवा तहसील कचेरीत हा कागद मिळत नाही. दर उन्हाळ्यात कुणीतरी पालक तिथे खेटे घालून, दमून आमच्याकडे येतात, म्हणून हे आधी सांगते. संस्था जो फॉर्म देते, त्याला जोडायचे कागद आपल्यालाच तीन-चार ठिकाणांहून जमवावे लागतात. लसीकरणाची नोंद, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, औषधोपचाराचं संमतिपत्र आणि निघण्याच्या दिवशी भरायचं स्वघोषणापत्र. वयासाठी आधार किंवा जन्मदाखल्याची प्रत आणि फोटो हे नेहमीचं आहेच.

पन्हाळ्याच्या बाजूला भरणाऱ्या एका निवासी शिबिराचं नोंदणीचं टेबल मी आठ वर्षं सांभाळते आहे. शंभर मुलं एका हॉलमध्ये सतरंजीला सतरंजी लावून झोपतात, एकाच पिंपातलं पाणी पितात. तिथे एका मुलाचा आजार एकट्याचा राहत नाही. म्हणून हे कागद फाइल भरण्यासाठी नाहीत, वेळेत जमवले तरच त्यांचा उपयोग. शिबिर मेच्या पहिल्या आठवड्यात असेल तर मार्च संपायच्या आत सुरुवात करा. लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. कांजिण्या आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) या दोन लसी एकाच दिवशी घेतल्या नाहीत, तर मध्ये चार आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. शिवाय हरवलेली नोंद शोधायला किती दिवस जातील ते आधी सांगता येत नाही.

कोण पात्र, कोण थांबावं

वयाची अट संस्था ठरवते. आरोग्याच्या अटीबद्दल मात्र पालकांच्या मनात उगाच भीती असते. दमा आहे, लहानपणी फिट यायची, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, अशी मुलं अपात्र नसतात. मूल नाकारलं जाईल या भीतीने ही माहिती लपवली, तर मात्र त्याच्याच जिवाला धोका होतो. आपल्याकडे आमटीपासून कोशिंबिरीपर्यंत कशातही शेंगदाण्याचा कूट पडतो. आचाऱ्याला पहिल्या दिवशी माहीत असेल तर तो वेगळं काढून ठेवतो.

थांबायचं ते चालू संसर्ग असलेल्या मुलानं, आणि तेही ठरावीक दिवस. तापाचं औषध न देता सलग २४ तास ताप नसावा. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास झालेले असावेत. कांजिण्यांचे सगळे फोड सुकून खपल्या धरलेल्या असाव्यात, याला साधारण पाच ते सात दिवस लागतात. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला इतरांपासून लांब ठेवतात. खरूज असेल तर अंगाला औषध लावून एक दिवस जाऊ द्यावा आणि घरातल्या सगळ्यांनी उपचार घ्यावेत, नाहीतर मूल घरी परत आल्यावर पुन्हा तेच. डोळे आले असतील तर चिकट पाणी यायचं थांबेपर्यंत थांबावं. हे दिवस संसर्ग पसरू नये म्हणून आहेत, अंगात ताकद आली का हा प्रश्न वेगळा. नुकतीच कावीळ होऊन गेलेलं मूल नियमात बसत असलं, तरी त्याला यंदा गड चढायला पाठवू नये असंच मी सांगते.

लसीकरणाची नोंद

माता व बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स पुरते. त्यात काय पाहायचं? ९ ते १२ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांचा, असे गोवर-रुबेलाचे दोन डोस. पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. हमखास राहून जातो तो दहाव्या वर्षाचा टीडी, कारण दीड वर्षाच्या डोसानंतर कार्ड कपाटात जातं ते तिथेच राहतं. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. शहरात सावित्रीबाई फुले रुग्णालय, पंचगंगा रुग्णालय किंवा सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) लसीकरणाचा वार आणि वेळ विचारून घ्या.

टायफॉईड, हिपॅटायटिस ए, कांजिण्या आणि गालगुंड यांच्या लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत, त्या खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घ्याव्या लागतात. सगळ्याच एका महिन्यात घेणं प्रत्येक घराला परवडत नाही, हे मला माहीत आहे. कोणती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. माझं मत विचाराल तर, बाहेरचं खाणं-पिणं असलेल्या शिबिराला जाणाऱ्या मुलाला टायफॉईडची लस झालेली असावी.

कार्ड हरवलं असेल तर मूल जिथे राहतं तिथे शोधून उपयोग होत नाही, डोस जिथे दिले तिथे जावं लागतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे पहिले तीन-चार डोस बहुधा आईच्या माहेरच्या उपकेंद्रात झालेले असतात. सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये नोंद आईच्या नावावर असते आणि त्या काळात आई माहेरच्या नावाने नोंदलेली असू शकते. दोन्ही नावं, बाळाची जन्मतारीख, तेव्हाचा मोबाइल नंबर आणि आठवत असेल तर आरसीएच क्रमांक, म्हणजे गरोदरपणी आईच्या नावाने मिळालेला सरकारी नोंदणी क्रमांक, घेऊन जा. गावातल्या आशाताईंना आधी फोन केला तर अर्धं काम होतं. माहेर निपाणी-चिक्कोडीकडचं असेल, तर तिकडे या कार्डाला तायी कार्ड म्हणतात, तोच शब्द वापरा. अलीकडच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांची नोंद यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर असेल, तर मोबाइल नंबरवरून प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. शिबिराच्या वयाच्या मुलांची जुनी नोंद तिथे सापडेल असं धरून चालू नका.

नोंद कुठेच मिळाली नाही तर? लेखी पुरावा नसेल तर डॉक्टर ती लस झालीच नाही असं धरून पुन्हा देऊ शकतात. गोवर-रुबेलाचा एखादा डोस जास्त झाला म्हणून अपाय होत नाही. ‘सगळे डोस झालेत’ असं स्वतःच्या सहीनं लिहून देण्यापेक्षा हे बरं. दंडावरचा बीसीजीचा (क्षयरोगाच्या लसीचा) वण बाकीच्या लसींचा पुरावा होत नाही. काही औषधोपचारांमुळे डॉक्टरांनी एखादी लस टाळायला सांगितली असेल, तर त्यांची चिठ्ठी कार्डाला जोडा. गोवराचा एक जरी रुग्ण निघाला, तरी कोणत्या मुलांना आधी सांभाळायचं हे शिबिराला त्या चिठ्ठीवरून कळतं.

डॉक्टरांचा दाखला

‘फिट आहे’ असं एका ओळीत लिहिलेल्या कागदाचा आम्हाला काही उपयोग नसतो. शिबिरात काय होणार आहे ते डॉक्टरांना आधी सांगा. पोहणं आहे का, चढण आहे का, उन्हात किती वेळ? त्यांनी मुलाला प्रत्यक्ष तपासून वजन, ॲलर्जी, चालू औषधं आणि कोणती गोष्ट करू नये ते लिहावं. वजन आवर्जून लिहून घ्या, कारण पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो आणि रात्री दोन वाजता ताप भरला की तिथे वजनकाटा नसतो. दाखल्यावर तारीख, सही, शिक्का आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. दाखला निघण्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांतला असावा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं तपासणी केली असेल तर ते कार्ड डॉक्टरांना दाखवा, मात्र दाखल्याऐवजी ते चालत नाही.

संमतिपत्र

यात शिबिराला दोन गोष्टींची परवानगी आपण देतो: साधं औषध देण्याची आणि तातडीच्या वेळी दवाखान्यात नेण्याची. दोन्ही पालकांचे नंबर द्याच, शिवाय मे महिन्यात गावी न जाणाऱ्या एका नातेवाइकाचाही. तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावं, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, असं स्पष्ट लिहा. डेंग्यू असेल तर त्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुलाचं रोजचं औषध मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट टेबलावर द्यावं. मुलाच्या बॅगेत गोळ्या ठेवू नयेत, मुलं एकमेकांना देतात.

निघण्याच्या दिवशी

हा कागद सर्वांत छोटा, आणि माझ्या अनुभवात सर्वांत मोलाचा. दाखला आठ दिवसांपूर्वीचा असतो, हा त्या सकाळचा. मजकूर साधारण असा असावा: ‘माझ्या पाल्याला गेल्या २४ तासांत ताप आलेला नाही आणि तापाचं औषध दिलेलं नाही. गेल्या ४८ तासांत जुलाब-उलट्या झालेल्या नाहीत. गेल्या तीन आठवड्यांत घरात, शेजारी, शिकवणीत किंवा लग्नकार्यात कांजिण्या, गोवर, गालगुंड झालेल्या व्यक्तीशी संबंध आला आहे / नाही.’

तीन आठवडे कशासाठी, ते आम्ही चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका मुलाला दुसऱ्या रात्री ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी पाठीवर फोड उठले. त्याच्या धाकट्या भावाला पंधरा दिवसांपूर्वी कांजिण्या झाल्या होत्या. कांजिण्या संसर्गानंतर १० ते २१ दिवसांनी बाहेर पडतात. आमच्या फॉर्मवर ‘मुलाला आजार आहे का?’ एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आईनं खरंच लिहिलं होतं. निघताना त्याचं अंग थोडं कोमट होतं, सिरप देऊन आणलं होतं. त्या मला म्हणाल्या, “मॅडम, फी परत मिळाली नसती. आणि पोरगं महिनाभर दिवस मोजत होतं.” त्यांना दोष द्यायला मला जमलं नाही. शाळा उघडायच्या सुमारास त्या तुकडीतल्या आणखी पाच घरांतून फोन आले.

म्हणून माझं पालकांना आणि आयोजकांना हात जोडून सांगणं आहे की, संसर्गामुळे मूल आलं नाही तर फी परत मिळेल किंवा पुढच्या तुकडीत जागा मिळेल, हे फॉर्मवरच छापलेलं असावं. ही सवलत म्हणजे साथ रोखण्याचाच उपाय आहे. पैसे भरण्याआधी हे लेखी मागा. आम्ही ती ओळ छापल्यापासून दरवर्षी दोन-तीन पालक आदल्या रात्री फोन करून मूल आजारी असल्याचं सांगतात.

‘संबंध आला आहे’ असं लिहिलं म्हणून मूल लगेच बाद होत नाही. आधी आजार होऊन गेला असेल किंवा दोन्ही डोस झाले असतील, तर डॉक्टर परवानगी देऊ शकतात. कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत लस घेतली तरी फायदा होतो, म्हणून लग्नाहून आल्या आल्या सांगा.

संस्थेकडे आपण मागायचे कागद

कागद फक्त पालकांनीच द्यायचे असं नाही. स्वयंपाक करणाऱ्याची एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी विचारा. तो क्रमांक १४ आकडी असतो आणि प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर तपासता येतो. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉईडसारख्या आजारांविरुद्ध लसीकरण अपेक्षित आहे. आचाऱ्याचा आणि वाढप्यांचा तो दाखला पाहायला मागा, संकोच करू नका.

पाण्याबद्दल तर अजिबात करू नका. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती हिपॅटायटिस ई ची. मुलांना देता येईल अशी त्यावरची लस आपल्याकडे नाही. हिपॅटायटिस ए ची लस घेतलेल्या मुलालाही ई होऊ शकतो, त्याला वाचवतं ते स्वच्छ पाणीच. शिबिर ज्या गावच्या हद्दीत आहे, तिथल्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीवरून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दिलेलं असतं. कोणतं ते विचारा. टँकर येणार असेल तर तो कुठे भरतात ते विचारा. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून करायच्या चाचणीत, पाण्याला पिवळी छटा आली की त्यात क्लोरीन आहे. ही चाचणी दोन मिनिटांत होते, आणि रोज सकाळी ती करून वहीत लिहिणारा माणूस शिबिरात असायलाच हवा.

गिर्यारोहण, रॅपलिंग, पाण्यातले खेळ असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी मागा. आजारी मुलासाठी वेगळी खोली आहे का, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर आहे आणि रात्री गाडी उभी असते का, हेही. १०८ सगळीकडे आहे, पण घाटात गाडी पोचायला वेळ लागतो.

परत आल्यावर

फॉर्मची प्रत आणि शिबिराचा नंबर दोन महिने जपून ठेवा, कारण कावीळ उशिरानेही दिसते. या काळात पुरळ, ताप, कावीळ किंवा गालाला सूज दिसली तर डॉक्टरांना शिबिराचं ठिकाण सांगा आणि आम्हालाही कळवा, म्हणजे बाकीच्या पालकांना त्याच दिवशी फोन जातात. चंदगड-तिलारीकडच्या जंगलात राहून आलेल्या मुलाला ताप आला, तर ‘जंगलात होता, गोचीड चावली असेल’ हे आवर्जून सांगा. पलीकडे दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती आणि तो आजार मे महिन्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांतलाच आहे. कुत्रं किंवा माकड चावलं असेल, ओरखडलं असेल, तर मूल ओरडा बसेल म्हणून सांगत नाही. आंघोळीच्या वेळी अंग एकदा नीट पाहा, जखम दिसली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.