मागच्या बाकावरचा पाहुणा : अमेरिकेतील शिक्षक-मूल्यमापनाची पार्श्वभूमी

१८४५ च्या उन्हाळ्यात बॉस्टनच्या शाळांमध्ये एक नवीच गोष्ट घडली. तोवर शहराच्या शाळा समितीचे सभासद अधूनमधून शाळेत यायचे, मुलांना उभं करून चार प्रश्न तोंडी विचारायचे आणि सगळं ठीक चाललंय असं सांगून निघून जायचे. त्या वर्षी ते छापील प्रश्नपत्रिका घेऊन आले. वेगवेगळ्या शाळांच्या वरच्या वर्गांतल्या मुलांना तेच प्रश्न दिले आणि उत्तरं लिहून घेतली. निकाल निराशाजनक निघाला. समितीने तो शाळानिहाय मांडून जाहीर केला. पेपर मुलांनी लिहिले होते, जोखले गेले ते त्यांचे मास्तर.

या परीक्षेमागे एक जुनं भांडण होतं. होरेस मान १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव झाले. १८४३ च्या अहवालात त्यांनी प्रशिया या जर्मन राज्यातल्या शाळांची तोंडभरून स्तुती केली. बॉस्टनच्या मास्तरांना ती झोंबली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी ३१ जणांनी मिळून मान यांना छापील उत्तर दिलं. मग परीक्षा घेणाऱ्या समितीत मान यांचे स्नेही सॅम्युअल ग्रिडली हाऊ आले. मुलांच्या गुणांवरून शिक्षकाची पारख करण्याची ही सुरुवात अशी रागाच्या भरातली आहे, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

मान यांच्याच काळात दुसरं एक काम अगदी शांतपणे सुरू झालं होतं. ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन गावात शिक्षक घडवणारी पहिली सरकारी शाळा उघडली. सायरस पीअर्स हे तिचे प्राचार्य, आणि पहिल्या दिवशी विद्यार्थिनी होत्या तीन. त्याच वर्षी शेजारच्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डमध्ये, शिक्षणसुधारक हेन्री बार्नार्ड यांनी नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी काही आठवड्यांचा वर्ग भरवला. शिक्षकाला तपासायचं आणि शिक्षकाला शिकवायचं, ही दोन्ही कामं एकाच पिढीतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी हाती घेतली. वर्गात मागे येऊन बसणारा माणूस यांपैकी नेमक्या कोणत्या कामासाठी आलाय, हा प्रश्न तेव्हापासून आजवर चिघळत राहिला आहे.

इथे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे काय ते सांगायला हवं. हा महसुली जिल्हा नव्हे. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं शाळा मंडळ, त्याने नेमलेला सुपरिटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांचा प्रमुख अधिकारी, आणि स्थानिक मालमत्ता करातून येणारा बराचसा पैसा, असं हे स्वतंत्र संस्थान असतं. १९४० च्या सुमारास अमेरिकेत असे १ लाख १७ हजार डिस्ट्रिक्ट होते. पुढे एकमेकांत विलीन होत आता ते सुमारे १३ हजार उरले आहेत. नेमणूक, पगार, बढती, निरोप हे सारं इथेच ठरतं. त्यामुळे शिक्षकाच्या मूल्यमापनाचा इतिहास वॉशिंग्टनमध्ये बसून वाचता येत नाही. तो गावोगाव विखुरलेला आहे. बॉस्टनने शाळांना भेटी देण्यासाठी नागरिकांची समिती नेमली ती १७०९ मध्ये, आणि पगारी सुपरिटेंडंट नेमण्याची सुरुवात बफेलो आणि लुईव्हिल या शहरांनी केली १८३७ मध्ये. मधली शंभर-सव्वाशे वर्षं तपासणी होती ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची. मास्तरचं वागणं बरं आहे ना, पोरं शांत बसतात ना, एवढंच बघायचं.

विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांची भाषा शाळेत शिरली. अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी कामगाराच्या प्रत्येक हालचालीचं मोजमाप मांडलं होतं. १९१३ मध्ये शिक्षणाचे प्राध्यापक फ्रँकलिन बॉबिट यांनी तेच तत्त्व शहरी शाळांच्या देखरेखीला लावलं. १९१६ मध्ये त्यांच्यासारखेच प्राध्यापक एलवूड कबर्ली यांनी तर शाळा म्हणजे एका अर्थी कारखाना आणि मुलं म्हणजे कच्चा माल, असं सरळ लिहिलं. ते उपहासाने लिहिलेलं नव्हतं. त्या काळी ही पुढारलेली भाषा होती. शिक्षकांना गुण देण्याचे तक्ते याच सुमारास निघाले. आवाज, प्रकृती, टापटीप, वर्गावरचा वचक अशा रकान्यांत अधिकारी श्रेणी भरत.

याच काळात शिकागोत एक वेगळा आवाज उठला. मार्गारेट हेली तिथल्या शिक्षिकांच्या संघटनेत काम करायच्या. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या राष्ट्रीय शिक्षक परिषदेत त्यांनी बजावलं की शिक्षण कारखान्याच्या साच्यात ओतलं जातंय आणि शिक्षकाचं यंत्र होतंय. पाच वर्षांनी, १९०९ मध्ये, एला फ्लॅग यंग शिकागोच्या सुपरिटेंडंट झाल्या. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा सांभाळणारी ही पहिली स्त्री. वर्गात शिकवणाऱ्याला स्वतःच्या कामाबद्दल निर्णय घेण्यात वाटा मिळायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी शिक्षकांची मंडळं हवीत असा त्यांचा आग्रह होता. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेल्या प्रबंधातही त्यांनी शाळेतल्या एकाकीपणाबद्दलच लिहिलं होतं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती ही बाई. तिचं ऐकलं गेलं असतं तर पुढची साठ-सत्तर वर्षं वाचली असती. १९०९ मध्येच न्यू जर्सीने शिक्षकांना कायम करण्याचा राज्यस्तरीय कायदा केला. आता मूल्यमापनाला कायद्याचं वजन आलं, कारण कायम शिक्षकाला काढायचं तर कारण लेखी हवं.

मदतीची बाजू पुन्हा वर आली ती १९५० च्या दशकात. हार्वर्ड विद्यापीठात शिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी जवळच्या न्यूटन गावातल्या शाळांत उन्हाळी वर्ग घ्यायचे. त्यांना पाहणारे मॉरिस कोगन आणि त्यांचे सहकारी अस्वस्थ होते, कारण पाठ झाल्यावर दिलेल्या सल्ल्याने काहीच फरक पडत नव्हता. मग त्यांनी पद्धतच उलटी केली. निरीक्षकाने आधी शिक्षकाशी बोलायचं, या पाठात काय पाहू ते त्यालाच विचारायचं. वर्गात बसून मत न लिहिता जे बोललं गेलं, जे घडलं ते शक्य तेवढं शब्दशः टिपायचं. मग एकट्याने ते वाचायचं, आणि नंतर दोघांनी मिळून. रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी १९६९ मध्ये याच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांतली शेवटची सहसा विसरली जाते : निरीक्षकाने स्वतःच्याच कामाची तपासणी करायची. वैद्यकीय शिक्षणात रुग्णाशेजारी उभं राहून शिकतात, त्यावरून या पद्धतीला ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’ म्हणतात.

पद्धत उत्तम, अडचण वेळेची. एका शिक्षकाची एक फेरी नीट करायला कित्येक तास लागतात, आणि मुख्याध्यापकाकडे तीस-चाळीस शिक्षक. साहजिकच डिस्ट्रिक्टांनी नाव ठेवलं आणि आतलं काम काढून टाकलं. पाच पायऱ्यांचा उरला एक तास आणि एक फॉर्म. शिक्षणतज्ज्ञ मॅडलिन हंटर यांनी चांगल्या पाठाचे घटक सांगितले, तेव्हा त्यांचीही १९८० च्या दशकात टिकमार्कची यादी झाली.

खरी वाट सापडली ओहायोतल्या टोलेडो शहरात, आणि ती संघटनेने शोधली. शिक्षक संघटनेचे अध्यक्ष डॅल लॉरेन्स यांनी सत्तरच्या दशकात मागणी लावून धरली होती की नव्या शिक्षकांची जबाबदारी अनुभवी शिक्षकांवर सोपवा. प्रशासन वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिलं. १९८१ च्या करारात तडजोड झाली : नव्यांना जुने शिक्षक घडवतील, आणि ज्या कायम शिक्षकांचं काम फार घसरलंय त्यांनाही याच प्रक्रियेतून जावं लागेल. वर्गातून काही काळ मोकळे केलेले ‘कन्सल्टिंग टीचर’ वर्षभर शिक्षकासोबत राहायचे, पाठ पाहायचे, दाखवायचे, आणि शेवटी अहवाल एका निर्णयमंडळापुढे ठेवायचे. या मंडळात संघटनेचे पाच, प्रशासनाचे चार, आणि निर्णयाला सहा मतं हवीत. म्हणजे कुणालाच एकट्याने निर्णय घेता येत नव्हता. शिक्षक संघटना आपल्याच लोकांना नारळ द्यायला मदत करते, यावर तेव्हा फार टीका झाली. पण वर्षभर मदत करून मग झालेला निर्णय शिक्षकांनी मान्य केला.

१९८४ मध्ये रँड या संशोधन संस्थेने ३२ डिस्ट्रिक्टांची पाहणी केली आणि चार जवळून अभ्यासले. त्यांत टोलेडो होतं. निष्कर्ष साधा होता : मूल्यमापन नेमकं कशासाठी हे आधी ठरवा, त्याला साजेशी पद्धत घ्या, आणि तपासणाऱ्याला वेळ व प्रशिक्षण द्या. त्याआधी ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या संशोधकांनी प्रशिक्षणाबद्दल असंच काही सांगितलं होतं. व्याख्यानात ऐकलेलं वर्गापर्यंत क्वचितच पोचतं. प्रात्यक्षिक, सराव आणि नंतर वर्गात येऊन कुणी सोबत केली तरच ते अंगी मुरतं. न्यूयॉर्क शहरातल्या ‘डिस्ट्रिक्ट २’ मध्ये तिथले सुपरिटेंडंट अँथनी अल्वाराडो यांनी १९८७ पासून अकरा वर्षं हे करून दाखवलं. १९९६ मध्ये शार्लट डॅनियलसन यांची ४ क्षेत्रांची आणि २२ घटकांची, चांगलं शिकवणं कशाला म्हणायचं ते सांगणारी चौकट आली आणि निदान बोलायला एक समान भाषा मिळाली.

आणि मग २००९ उजाडलं. ‘न्यू टीचर प्रोजेक्ट’ या संस्थेने ४ राज्यांतल्या १२ डिस्ट्रिक्टांचा अहवाल काढला : असमाधानकारक शेरा मिळालेले शिक्षक एक टक्क्याहूनही कमी. देशभर हा आकडा गाजला. त्याच अहवालात दुसराही आकडा होता. शेवटच्या मूल्यमापनात सुधारणेची एकही जागा दाखवली गेली नाही, असं ७३ टक्के शिक्षकांनी सांगितलं होतं. माझ्या मते खरी बातमी ही होती, पण धोरण पहिल्या आकड्यावर बेतलं गेलं. केंद्र सरकारने ‘रेस टु द टॉप’ योजनेत ४.३५ अब्ज डॉलर ठेवले आणि ते मिळवण्यासाठी राज्यांनी भराभर कायदे बदलले. शिक्षकाच्या श्रेणीत मुलांच्या चाचणीतली वाढ मिसळली गेली. ज्यांच्या विषयाची चाचणीच नाही, अशा चित्रकला-संगीताच्या शिक्षकांना काही ठिकाणी साऱ्या शाळेच्या वाचन-गणिताच्या गुणांवरून श्रेणी मिळाली. वॉशिंग्टन शहराने २०१० च्या जुलैत २४१ शिक्षकांना काढलं, त्यांपैकी १६५ जणांना नव्या पद्धतीतल्या कमी श्रेणीमुळे.

हा जोर ओसरायला फार वर्षं लागली नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेने निवेदन काढलं की मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी शिक्षकामुळे पडणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच दिसतो. डिसेंबर २०१५ च्या कायद्याने शिक्षकाच्या श्रेणीत चाचणीचे गुण धरण्याची केंद्राची सक्ती उठली. ह्यूस्टनमध्ये शिक्षक कोर्टात गेले, कारण त्यांची श्रेणी ज्या सूत्रातून निघाली ते एका खासगी कंपनीचं गुपित होतं आणि आकडा बरोबर आहे का, हे कुणालाच तपासता येत नव्हतं. २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने त्यांची ही तक्रार ग्राह्य धरली, आणि डिस्ट्रिक्टने तडजोड केली. त्याच वर्षी मॅथ्यू क्राफ्ट आणि अ‍ॅलिसन गिल्मर या संशोधकांनी २४ राज्यांचे आकडे तपासले. त्यांतल्या निम्म्या राज्यांत कमी श्रेणीचे शिक्षक अजूनही तीन टक्क्यांच्या आतच होते. गेट्स फाउंडेशनच्या मदतीने झालेल्या शिक्षक-मूल्यमापनाच्या ५७५ दशलक्ष डॉलरच्या प्रयोगाचा आढावा २०१८ मध्ये आला. मुलांच्या शिकण्यात अपेक्षित सुधारणा दिसली नव्हती.

या धामधुमीत ओहायोतल्याच सिनसिनाटी शहराचा अभ्यास मागेच पडला. तिथे मूल्यमापनाच्या वर्षात शिक्षकाचा वर्ग चारदा पाहिला जायचा, त्यांपैकी तीनदा दुसऱ्या शाळेतला, या कामासाठी तयार केलेला अनुभवी शिक्षक यायचा. एरिक टेलर आणि जॉन टायलर या अभ्यासकांना आढळलं की त्या वर्षानंतर नोकरीच्या मध्यावर असलेल्या शिक्षकांच्या वर्गांत गणिताचे गुण वाढले, आणि पुढच्या वर्षांतही टिकले. तपासणी आणि मदत एकाच भेटीत होऊ शकते, याचा हा सर्वांत ठोस पुरावा आहे. अट एवढीच की येणाऱ्याला शिकवणं कळत असावं आणि तो पुन्हा पुन्हा यावा.

मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या डिस्ट्रिक्टने हे मोठ्या प्रमाणावर केलं. २००० च्या सुमारास सुपरिटेंडंट जेरी वीस्ट आणि संघटना यांनी मिळून टोलेडोच्या धर्तीवर व्यवस्था उभारली आणि तिला नावच ‘प्रोफेशनल ग्रोथ सिस्टिम’, म्हणजे व्यावसायिक वाढीची व्यवस्था, असं दिलं. निर्णयमंडळात आठ शिक्षक, आठ मुख्याध्यापक. आधीच्या दहा वर्षांत तिथे पाच शिक्षकांना काढलं होतं. नव्या व्यवस्थेच्या पहिल्या अकरा वर्षांत मंडळाने सुमारे २०० जणांना काढण्याचा कौल दिला आणि आणखी ३०० जण प्रक्रिया नको म्हणून स्वतःहून गेले. ‘रेस टु द टॉप’चे १२ दशलक्ष डॉलर या काउंटीने नाकारले, कारण त्यांच्याबरोबर चाचणीच्या गुणांची अट येत होती. तिथला कन्सल्टिंग टीचर तीन वर्षं हे काम करतो. मुदत संपली की तो पुन्हा आपल्या वर्गात शिकवायला जातो, आणि त्याच्या मागच्या बाकावर दुसरा कुणी येऊन बसतो.