कॉलेजच्या अर्जात आईवडिलांचं उत्पन्न आलं कुठून?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेतला की आधी विद्यार्थ्याचं नाव, मग जन्मतारीख आणि थोडं पुढे गेलं की पालकांचं वार्षिक उत्पन्न. जन्मतारखेवरून दिसत असतं की अर्जदार सज्ञान आहे. तो मत देऊ शकतो, करारावर सही करू शकतो. ऐपत मोजायची वेळ आली की मात्र आईवडिलांचा पगार विचारला जातो. मुलांच्या कॉलेजचा खर्च पालकांनी करावा की नाही, हा वाद आपण घरातला समजतो. मला तो या रकान्यापासून सुरू होतो असं वाटतं, आणि हा रकाना फार जुना नाही.

घरून पैसे मागवणं मात्र विद्यापीठांइतकंच जुनं आहे. मध्ययुगीन युरोपात पत्रलेखन शिकवणारे शिक्षक नमुना पत्रांचे संग्रह तयार करत. त्यांत वडिलांकडे पैसे मागणाऱ्या विद्यार्थ्याचं पत्र हमखास असे. तेराव्या शतकातल्या ऑक्सफर्डच्या अशा एका पत्रात मुलगा कळवतो की शहर महाग आहे, खोलीचं भाडं द्यायचंय, गरजेच्या वस्तू घ्यायच्यात, तेव्हा लवकर काहीतरी पाठवा. एका इटालियन संग्रहातले वैतागलेले वडील म्हणतात, विद्यार्थ्याचं पहिलं गाणं म्हणजे पैशाची मागणी. आठशे वर्षांनीही यातला एक शब्द बदलावा लागत नाही.

तरी खर्च आईवडिलांनीच करायचा असं तेव्हा कुणी गृहीत धरलेलं नव्हतं. ११७९ मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक कॅथेड्रलला, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला, सांगितलं की एका शिक्षकाच्या पोटापाण्याची सोय करा, म्हणजे तो गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकवेल. पॅरिसमध्ये १२५७ च्या सुमारास रोबेर द सॉरबोंने उभं केलेलं कॉलेजही धर्मशास्त्र शिकणाऱ्या गरिबांसाठीच होतं. म्हणजे चर्च होतं, दाते होते, आणि काहीच नसेल तर विद्यार्थ्याचे स्वतःचे हात होते.

हातांनी फी फेडणं म्हणजे काय, हे न्यूटनच्या उदाहरणात दिसतं. १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला तो ‘सबसायझर’ म्हणून. या वर्गातल्या मुलांनी सधन विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची वरकामं करायची, ताटं वाढायची, बदल्यात खर्चात सवलत मिळे. त्याची विधवा आई गरीब नव्हती, जमीनजुमला होता. पण पोराने शेती सांभाळावी अशी तिची इच्छा होती आणि तिने हात आखडता घेतला. त्याची हिशेबाची वही आजही आहे. टेबलाला कुलूप, शाईची बाटली, मेणबत्त्या, अशा सुरुवातीच्या खरेदीच्या नोंदी तीत आहेत. १६६४ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि ती चाकरी संपली. आई सधन आणि मुलगा ताटं वाढतोय, हे चित्र लक्षात ठेवायला हवं, कारण पुढच्या सगळ्या नियमांची खरी अडचण इथेच आहे.

विसाव्या शतकात कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि सरकारं खर्चात उतरली. अमेरिकेने १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांची फी भरली. तिथे आईवडिलांचा प्रश्नच नव्हता. सैन्यात काढलेले दिवस हाच हक्क होता. दहा वर्षांनी वारं फिरलं. चांगले विद्यार्थी मिळवण्यासाठी कॉलेजं शिष्यवृत्त्यांची चढाओढ करत होती. ती थांबावी आणि पैसा गरजूंना मिळावा म्हणून १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाने, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या तिथल्या कॉलेजांच्या संघटनेने, एक सामाईक सेवा सुरू केली. कुटुंबाकडून किती अपेक्षा ठेवायची, याचं सूत्र ठरलं. हेतू चांगला होता. पण ‘जमेल तर देऊ’ होतं त्याचं ‘इतके द्याल असं धरलंय’ झालं.

ब्रिटनमध्येही तसंच घडलं. १९६२ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना राहण्याखाण्यासाठी अनुदान मिळू लागलं, पण पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे त्यातून रक्कम कापली जाई. कापलेला भाग घरून यायचा होता. प्रत्येक घरून तो येत नव्हता.

याच काळात सज्ञान होण्याचं वय खाली आलं. ब्रिटनमध्ये १९७० पासून ते २१ वरून १८ झालं, पश्चिम जर्मनीत १९७५ मध्ये. कायदा म्हणतोय मूल मोठं झालं, अनुदान देणारं सरकारी खातं म्हणतंय अजून लहान आहे. अमेरिकेत तर १९८६ च्या दुरुस्तीनंतर साधारण २४ वर्षांपर्यंत विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबूनच धरला जातो. विवाहित, सैनिक, अनाथ असे काही अपवाद आहेत. ‘आईवडील देत नाहीत’ हा अपवाद नाही.

स्वीडनने १९६५ मध्ये वेगळी वाट धरली. विद्यापीठातला विद्यार्थी प्रौढ आहे, मग मदत आणि कर्ज त्याचं, फेडायचं त्यानेच. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये फी रद्द केली होती, १९८९ मध्ये परत आणली. पण ती पदवीनंतर, कमाई ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावर करातून वसूल करायची सोय ठेवली. इंग्लंडने १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी लावली तेव्हा पालकांची ऐपत बघितली जाई. २००६ पासून फीचं कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर आलं. राहण्याखाण्याच्या कर्जात मात्र घरचं उत्पन्न अजून मोजलं जातं.

मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो जर्मनीचा मार्ग. तिथे मुलाला व्यवसायासाठी लागणाऱ्या पहिल्या शिक्षणाचा (पदवीही त्यात येते) खर्च पालकांची कायदेशीर जबाबदारी आहे. १९७१ पासूनच्या सरकारी मदतीतही पालकांचं उत्पन्न मोजतात. पण पालकांनी ठरलेला वाटा दिला नाही आणि त्यामुळे शिक्षण अडलं, तर विद्यार्थी आगाऊ मदतीसाठी अर्ज करू शकतो. सरकारी खातं त्याला पैसे देतं आणि नंतर पालकांकडून वसूल करायला स्वतः जातं. भांडण मुलाच्या माथी येत नाही.

अमेरिकेत सरकारी मदतीसाठी घरची ऐपत मोजून जो आकडा काढतात, त्याचं ‘कुटुंबाचा अपेक्षित वाटा’ हे नाव २०२४-२५ पासून बदललं. आता त्याला ‘विद्यार्थी मदत निर्देशांक’ म्हणतात. आईवडिलांनी माहितीच दिली नाही, तर त्या मुलाला सरकारी अनुदान नाही, फक्त पहिल्या दिवसापासून व्याज चढणारं कर्ज मिळू शकतं.