लेखकाचं नाव आणि लेखकाचा अनुभव

प्रोग्रामिंग भाषेत नवी सोय आणायचा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न असतो, "लिहिलाय कुणी?" प्रश्न वावगा नाही. पण तो विचारताना लेखकाचं नाव आणि लेखकाचा अनुभव यांची सरमिसळ होते. अनुभव प्रस्तावात उतरवता येतो; वर कुणाचं नाव आहे ते झाकलं तरी वाचणारा तो तपासू शकतो. नुसत्या नावाचं तसं नाही.

पायथन भाषेतला २०१८ चा पेप ५७२ बघा (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव). किंमत (व्हॅल्यू) व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या जागेत, ठेवायची आणि त्याच दमात ती वापरायची, एवढीच सोय. त्यावरून वाद मात्र प्रचंड पेटला. सहलेखकांत टिम पीटर्स होते. पायथनची सॉर्टिंगची पद्धत, 'टिमसॉर्ट', त्यांच्याच नावाने ओळखली जाते. "मला पटलंय" एवढं म्हटलं असतं तरी बरेच जण गप्प बसले असते. त्यांनी मात्र स्वतःचा कोड चाळला आणि नवी सोय कुठे उपयोगी पडते, कुठे ओळ उगाच गजबजते, अशी दोन्हीकडची उदाहरणं परिशिष्टात दिली. आपल्या बाजूला न बसणारी उदाहरणंही देणं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

गो भाषेत २०१९ साली उलटं घडलं. 'ट्राय' या चुका हाताळण्याच्या सोयीचा प्रस्ताव भाषेच्या तीन जनकांपैकी एक, रॉबर्ट ग्रीझमर यांचा. आक्षेप साधा होता: दिसायला हे फंक्शन (नावाने बोलवायचा कोडचा तुकडा), पण चूक आली की भोवतालच्या फंक्शनमधूनच बाहेर पडणार, आणि वाचणाऱ्याच्या ते चटकन लक्षात येणार नाही. हे सांगायला मोठं नाव लागत नाही. जुलैत प्रस्ताव मागे घेतला गेला.

अर्थात, मोठं नाव हरलं म्हणजे गुणच जिंकला असंही नाही. पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी स्वतःचा 'स्विच'चा (अनेक पर्यायांतून एक निवडण्याच्या सोयीचा) पेप ३१०३ फेटाळला, तो २००७ च्या पायकॉन या पायथन परिषदेतल्या भाषणात श्रोत्यांचा कौल घेऊन. पाठिंबा दिसला नाही, विषय संपला. हात मोजणं हीसुद्धा पारख नव्हेच.

आणि पेप ५७२? तो मंजूर करणारे गुइडो स्वतःच त्याचे सहलेखक होते. त्यानंतर लगेच, १२ जुलै २०१८ ला, त्यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. २०१९ पासून तो पाच जणांच्या निवडून आलेल्या स्टीअरिंग कौन्सिलकडे, म्हणजे सुकाणू समितीकडे, आहे.