धाकाने पोरं सुधारतात का?

पोर हाताबाहेर चाललं की त्याला एकदा तुरुंग दाखवून आणा, आपोआप वठणीवर येईल, असं कुणालाही वाटतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या रॉवे तुरुंगात १९७६ साली नेमकं हेच सुरू झालं. जन्मठेपेचे कैदी भेटीला आणलेल्या मुलांवर खेकसायचे, धमकवायचे, आत काय सोसावं लागतं ते रंगवून सांगायचे. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि ही युक्ती इतर राज्यांतही पोचली.

जेम्स फिंकेनॉअर या गुन्हेशास्त्रज्ञाला प्रश्न पडला तो वेगळाच. जी मुलं अशा भेटीला गेलीच नाहीत, त्यांचं काय झालं? त्यांनी दोन्ही गटांवर सहा महिने नजर ठेवली. जाऊन आलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांनी नवा गुन्हा केला. न गेलेल्यांपैकी ११ टक्के. अभ्यास अगदी निर्दोष नव्हता. कुणाला न्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं होतं, ते पूर्णपणे पाळलं गेलं नाही. पण पुढे अशा नऊ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही हेच दिसलं की या भेटीपेक्षा काहीच न केलेलं परवडलं.

मग तुरुंगवाल्यांना आणि पालकांना गुण आल्यासारखं का वाटायचं? कारण बहुतेक मुलं तशीही सुधारतात. गुन्हे करण्याचं प्रमाण किशोरवयाच्या शेवटी शिगेला पोचतं आणि नंतर उतरत जातं. वयाने केलेलं काम धाकाच्या खात्यावर जमा होतं. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर ही चूक लक्षातही येत नाही.

धाक उलटतो कसा, याचा एक धागा मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात सापडतो. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. एकटी असताना मुलं बऱ्यापैकी जपून खेळली, मित्र शेजारी बसताच जास्त धोके पत्करू लागली. प्रौढांना मित्रांमुळे फरक पडला नाही. आणि तुरुंगात मुलांना नेलं जायचं ते घोळक्यानेच!

२०११ मध्ये असल्याच भेटींवर टीव्ही मालिका सुरू झाली. अमेरिकी न्याय खात्याच्या दोन अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की हे उपाय निरुपयोगीच नव्हे तर घातक आहेत, आम्ही त्यांना पैसा देत नाही. मालिका पुढे काही वर्षं चालली.